बिनकानाचा कप

मी अमेरिकेला निघालो त्या सकाळी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं बाबांना हाक मारली, "या की! साहेबाचे वडील झालात आता. आजचा चहा माझ्याकडून." हातात नवी कोरी कपबशी.

बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. घरी आले की भुवयांवर कापूस, छातीत खोकला. त्याच हॉटेलच्या मागच्या भिंतीत एका कोनाड्यात आमच्या वस्तीसाठी वेगळा कप असायचा, कान तुटलेला. बाहेर उकिडवं बसायचं, वरून ओतलेला चहा प्यायचा, कप आपणच विसळून कोनाड्यात ठेवायचा. मला कळायला लागलं त्या वर्षी बाबांनी तो चहा सोडला. तो सोडला तो सगळ्यांचाच. त्यानंतर ते कुणाच्याही घरी चहा प्याले नाहीत.

"आमचा कप कुठं आहे?" बाबांनी त्याला विचारलं. "तो आण, त्यातच पितो."

हॉटेलवाला हसला, इकडेतिकडे पाहू लागला. तेवढ्यात गाडी लागली. खिडकीशी येऊन बाबा मला म्हणाले, "कमी खा. पण बाहेर बसवून दिलेला चहा पिऊ नको, अन् कोणाच्या दारात वाकू नको."

घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. २००१ साली सिॲटलजवळच्या रेडमंडला आलो, नोकरी टिकवली, लग्न केलं, अपार्टमेंट घेतलं. इथला पाऊस, बसचा कम्यूट, सगळं अंगवळणी पडलं. एक गोष्ट पडली नाही. गेट-टुगेदरला कुणी काकू प्रेमानं विचारतात, "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" आणि मी गाव टाळून नुसता जिल्हा सांगतो. तुम्ही जे इकडे आलात, त्यांतल्या काहींना ही टाळाटाळ ओळखीची असेल.

चार-पाच वर्षांनी बाबा आले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "जपानी लोक आपल्यासारखे बौद्ध. त्यायचा तो चहाचा विधी असते म्हणे, भिक्खूंनी आणलेला. तो दाखव मले."

जो माणूस कुणाकडे चहा पीत नाही, त्याला चहा दाखवायचा होता. माझ्या टीममधल्या जपानी युकोला विचारलं. तिनं उत्साहानं सांगितलं: पाहुणे बाहेर बाकावर थांबतात, यजमानाची खूण झाली की छोट्या दारातून वाकून आत जातात, जमिनीवर बसतात, वाडग्याला कान नसतो, प्यायल्यावर कड आपणच पुसायची. मी ऐकत होतो आणि मला फक्त आमचा कोनाडा दिसत होता.

आधी मी म्युझियममधला डेमो बुक केला. तिथे खुर्च्या होत्या, दार माणसाच्या उंचीचं होतं. माहिती वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "दुरून पाहाचं, अन् शेवटी कागदाच्या कपात? दुरून लय पाह्यलं." कॅन्सल केलं. मग सिॲटलमधल्या जपानी बागेतलं टी-हाउस एकटाच बघून आलो. पावसात त्या दारासमोर उभा राहिलो. दार माझ्या कमरेएवढं. युको म्हणाली होती, "सगळेच वाकतात. पूर्वीचे सरदारसुद्धा." सरदाराला वाकण्यात नवल वाटत असेल. आम्हाला त्यात काय नवल?

शेवटी युकोच म्हणाली, "माझ्या मावशीकडे या." मावशी चहाचा विधी शिकवत. घर साधं, दार साधं, मागच्या खोलीत चटया. जीव भांड्यात पडला. वाडग्याचं तेवढं बाबांना सांगायचं राहिलं. कारमध्ये दोनदा तोंड उघडलं, दोनदा वायपरचा स्पीड बदलला.

खोलीत युको मदतीला, आणि आम्ही तिघे पाहुणे. बाबा, मी आणि मावशींचे शेजारी जेरी, निवृत्त बसड्रायव्हर, उंचेपुरे गोरे गृहस्थ. मावशींनी बाबांना वयानं मोठे म्हणून पहिल्या जागी बसवलं. आधी गोड दिलं, मग किती तरी वेळ न बोलता चहा घोटला. हिरवा, घट्ट वरणासारखा. वाडगा बाबांपुढे ठेवून त्या जमिनीला कपाळ टेकेल इतक्या वाकल्या.

बाबांनी वाडगा दोन्ही हातांत घेतला, फिरवून पाहिला. "याले कान नाही," ते मराठीत म्हणाले.

मी घाईघाईनं म्हणालो, "नसतोच, बाबा. कुणाच्याच नसतो."

"बाकीच्यायचे कुठं आहेत?"

मी युकोकडे पाहिलं. तिनं सांगितलं ते मलाही नवीन होतं; मी बाबांना मराठीत सांगितलं, "आजचा चहा सगळ्यांना याच एका वाडग्यातून आहे, बाबा. आधी तुम्ही, मग जेरी, मग मी."

"म्हंजे माझं उष्टं? तो पिणार?"

"हो."

बाबांनी जेरींकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं. मग तीन घोट घेतले, तोंड कडू केलं, कड पुसली आणि वाडगा पुढे दिला. जेरींनी तो उचलला. त्यांच्या गळ्याखाली घोट उतरेपर्यंत बाबांची नजर हलली नाही. जेरींनीही कड पुसली. मग मी प्यालो.

मला वाटलं, झालं, सुटलो. कारमध्ये बाबा म्हणाले, "त्या माणसाले माहीत होतं का, आपण कोण ते?"

"नाही, बाबा. इथे कुणाला कळणार?"

"मंग त्यात काय मोठं? त्याले घरी बोलाव. आधी सांग, मंग पाज."

पुढच्या रविवारी जेरी आमच्या घरी आले. बाबांनी स्वतः आलं ठेचून, दूध-साखर घालून चहा केला; पण कप भरले नाहीत. आधी कोनाड्याची गोष्ट सांगितली. मी इंग्लिश करत होतो. मग जेरींनी विचारलं, "तो हॉटेलवाला आहे अजून?"

"आहे," बाबा म्हणाले. "चहा अजून पाणचटच."

जेरी मोठ्यानं हसले आणि त्यांनी कप पुढे केला.

गावाकडे गेलो की लोक विचारतात, घर कुठलं समजतोस आता, तिकडचं की इकडचं? जिथे आम्ही कोण हे आधी सांगून चहा ओतता येतो, ते माझं घर. पुढच्याच गेट-टुगेदरला काकूंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं, गाव सांगितलं, वस्तीही सांगितली, आणि चहाला घरी बोलावलं.

त्या आल्या. चहा प्याल्या.