पुष्पाकाकूंचे आठ किलो

नगरच्या हाडांच्या डॉक्टरांनी गणपतीच्या आधी माझ्या काकूंना साफ सांगितलं, वजन ब्याण्णव आहे, ते चौऱ्याऐंशीवर आणा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन. संक्रांतीनंतर दाखवायला या. काकू म्हणाल्या, आणते. त्यात काय अवघड आहे, असं मलाही वाटलं. मी शाळामास्तर, वजाबाकी मला येते. अडचण एवढीच होती, की हे आठ किलो राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात राहून उतरवायचे होते.

पुष्पावती काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. लोक त्यांना उगाच खादाड समजतात, त्याचा मला राग येतो. लग्न होऊन आल्या तेव्हा अंगावर मूठभर मांस नव्हतं. विहिरीचं पाणी, डोक्यावर गवताचा भारा, मळा दीड कोसावर, दिवसातून दोन खेपा. सकाळच्या दोन भाकरी दुपारपर्यंत कुठे जिरल्या ते कळायचं नाही. मग नळ आला, पिठाची चक्की घरात आली, दूध काढायचं मशीन आलं, मळ्यात जायला सुनेची स्कूटी आली. कष्ट गेले ते चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भाकरी दोनच्या दोनच राहिल्या, वर चहाबरोबर खारी आली, टीव्हीसमोर फरसाण आलं. घरच्या गाईंचं दूध डेअरीला जातं आणि दुधाच्या पगारातून बिस्किटांचे पुडे येतात. माझ्या वर्गातली सातवीची पोरं जिना चढताना धापा टाकतात, आणि त्यांच्याच आया मला विचारतात, गुरुजी, पोरगं काही खातच नाही, काय करू? यावर माणसानं काय बोलावं?

तर काकू चालायला लागल्या. डॉक्टरांनी झेपेल तेवढं चाला म्हटलं होतं, म्हणून सकाळी काठी घेऊन फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी पाच गाड्या थांबल्या. पाचही जणांचा एकच प्रश्न, स्कूटी बंद पडली का? बसा मागं. आमच्याकडे कुणी बिनकामाचं पायी चालत नसतं. चालत असेल तर त्याचं काहीतरी अडलेलं असणार, आणि अडलेल्याला रस्त्यात सोडून जायचं म्हणजे माणुसकी नाही. काकूंना नाही म्हणवेना. गहिनीनाथ दूधवाल्यानं तर त्यांना फाट्यावरून उचलून थेट दारात आणून सोडलं, आणि वर त्यांच्या मुलाला, सचिनला, झापलं, की म्हातारपणी आईला पायी हिंडवतोस. शेवटी मी चौकात उभा राहून सगळ्यांना बजावलं, की काकूंना कुणी गाडीवर घ्यायचं नाही. दोनच दिवसांनी मला शाळेला उशीर होत होता, काकू लंगडत चाललेल्या दिसल्या, आणि मीच गाडी थांबवली. लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं.

चहाचं तर बोलूच नये. कारखाना दिवाळीला सभासदांना सवलतीत साखर देतो, त्यामुळे घरोघरी साखर मुबलक, आणि पाहुण्याला फिका चहा दिला की घराची अब्रू गेली. काकू म्हणायच्या, मला बिनसाखरेचा द्या. समोरची बाई म्हणायची, बरं, आणि दोनाऐवजी एकच चमचा घालायची.

तरीही काकूंनी नेट सोडला नाही. भाऊबीजेपर्यंत साडेपाच किलो उतरले. सून वृषाली त्यांना बाजरीची एक भाकरी आणि वाटीभर पालेभाजी वाढायची, दर सोमवारी वजन करून आकडा कॅलेंडरवर लिहायची. सासू-सुनेचं इतकं गूळपीठ आमच्या गल्लीत मी पाहिलं नव्हतं.

भाऊबीजेला श्रीरामपूरहून काकूंचे थोरले भाऊ कारभारीमामा आले. बहिणीकडे बघून म्हणाले, पार वाळली की तू. मग ताट वाढणाऱ्या वृषालीकडे वळून हसत म्हणाले, “सूनबाई, आमच्या बहिनीला पोटभर घालता ना?”

ओट्यावर बसलेल्या दोन शेजारणींनी ते ऐकलं. आता इथे काकूंनी तोंड उघडायला हवं होतं की नाही? नाही उघडलं. थोरल्या भावाला उलट बोलायची त्यांना सवय नाही. चार दिवसांत गल्लीभर झालं, की वृषाली सासूला उपाशी मारते, भाकरी मोजून देते. वृषालीनं रडून डोळे सुजवून घेतले. आणि मग त्या दोघींनी जे केलं, ते आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या ओट्यावर जेवायला बसू लागल्या. गल्लीला दिसावं म्हणून वृषाली भाकरीवर तुपाची धार धरायची, ताटात लाडू ठेवायची, मोठ्यानं आग्रह करायची. आणि काकू सुनेचं नाव राखायला सगळं संपवायच्या. फराळाचे लाडू संपले तर थंडीचं निमित्त करून डिंकाचे आले. मी सांगून सांगून हात टेकले. काकूंचं एकच, आठ दिवस थांब, लोकं गप झाली की बंद करू. लोक कसले गप होतात? ते आता म्हणत होते, बघा, मामा बोलले तेव्हा कुठे म्हातारीनं अंग धरलं.

संक्रांतीनंतर मी दोघींना घेऊन नगरला गेलो. काट्यावर त्र्याण्णव. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवून विचारलं, हे काय झालं?

“मीच चोरून खाते,” काकू म्हणाल्या. “जिभंवर ताबा न्हाई माजा.”

डॉक्टर तरुण होते, सकाळपासून पेशंट तपासून कावलेले. त्यांनी मनाच्या निश्चयावर चांगली पाच मिनिटं सुनावली. स्वतःची काळजी नसेल तर औषध देऊन काय उपयोग, असंही म्हणाले. जिनं जन्मात कुणाच्या घरचा पापडसुद्धा न विचारता उचलला नाही, ती बाई मान खाली घालून ते ऐकत होती. मला बसवेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वृषाली उठली.

“त्या खोटं बोलताहेत, डॉक्टर. मी खाऊ घातलं. लोक मला नावं ठेवायला लागले म्हणून मी घालत गेले, आणि मला बोल लागू नये म्हणून त्या खात गेल्या.”

 डॉक्टरांनी कागदावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली आणि म्हणाले, हाड हाडावर घासतंय, आणखी किती दिवस पाय टेकवता येईल ते मी सांगू शकत नाही.

बाहेर आल्यावर काकू बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, कारभारीदादाला फोन लाव. मला वाटलं, आता रडतील. पलीकडून मामांचा आवाज आला तसा त्यांनी पदर सारखा केला.

“दादा, मला पोटभर मिळतं. लई मिळतं, म्हनून तर आज ऑपरेशन हुकलं. माज्या सुनेला तू चारचौघांत इचारलं हुतं ना? आता चारचौघांत येऊन सांग, की मी चुकलो. तवर माज्या दारात ताटावर बसायला येऊ नको.”

मामा काहीतरी बोलत होते. काकूंनी ते न ऐकताच फोन माझ्या हातात दिला.