वाक्यात उपयोग

"नाकी नऊ येणे, म्हणजे खूप त्रास होणे," सरांनी सांगितलं.

मी हात वर केला. "नऊच काऊन, सर? आठ काऊन नाही?"

आठवीचा वर्ग. मोताळ्याजवळच्या आमच्या गावची शाळा. मराठीचा तास, वाक्प्रचारांचा धडा. सरांच्या घरची शेती गावात सगळ्यांत मोठी, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं. ते हसले, फळ्याकडं वळले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : चांभारचौकशी.

"याचा अर्थ हीच सांगीन. तिच्या घरचा शब्द आहे. उभी राह्य."

मी उभी राहिले. माझे आईवडील चपला-जोडे शिवतात, हे सगळ्यांना माहीत होतं. निम्म्या वर्गाच्या पायांत आमचेच टाके होते.

"सांग अर्थ."

मग सरांनीच सांगितला.

"नसती, फालतू विचारपूस. आता वाक्यात उपयोग कर. करेपर्यंत बसायचं नाही."

किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. शेवटी तोंडातून निघालं, "मी वर्गात चांभारचौकशा करते."

"शाब्बास. वाक्य बरोबर. बस."

वर्ग खदखदून हसला. माझ्या बाकावरची मुलगीसुद्धा.

वाक्प्रचार शब्दशः घ्यायचा नसतो, हे सरांनीच त्या तासाला शिकवलं होतं. कोणी नाकात नऊ मोजत नाही. मूग गिळून बसलेल्याच्या पोटात मूग नसतात. मग तो एकच शब्द सगळ्या वर्गानं शब्दशः कसा घेतला? सगळ्यांची मान माझ्याकडंच कशी वळली?

आमच्यावर म्हणी पुष्कळ. चांभाराची नजर जोड्यावर. चांभाराच्या देवाला खेटराची पूजा. बोलणाऱ्याला त्यात माणूस दिसत नाही. रोजची चप्पल पायाला जाणवत नाही, तसा रोजचा शब्द जिभेला जाणवत नाही. ज्याच्या अंगावर पडतो त्याला जाणवतो.

आणि आमची चौकशी फालतू कधी होती? मोताळ्याच्या बाजारात माझी माय प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, "कुठी लागते जी? चालतानी, का उभं राह्यल्यावर?" विचारल्याशिवाय ती चपलेला हात लावत नसे.

मी मात्र विचारणं सोडलं. कॉलेजात असताना परीक्षेच्या दिवशी स्टँडवर एस.टी. उभी होती. पाटी दिसेना. शेजारी माणसं होती. विचारलं नाही, चढले. बुलढाण्याला जायचं होतं, बस मलकापूरला निघाली. पेपर बुडाला. घरी कारण विचारलं, तेही सांगता आलं नाही.

मागच्या वर्षी मायच्या पायाचं बोट काळं पडलं. शुगर. बुलढाण्याच्या एका खासगी दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, बोट कापायचं म्हणाले आणि सहीसाठी कागद पुढं केला.

या वेळी मात्र मी विचारलं. औषधानं नाही का होणार? कापल्यावर तरी थांबेल का?

"अहो, किती चांभारचौकशा! सही करा. बाहेर पेशंट थांबलेत."

त्यांना माझी जात ठाऊक नव्हती. सहज बोलले. त्या सहजपणाचाच मला संताप आला. मी पुन्हा आठवीच्या वर्गात उभी होते.

खाटेवरून माय कुजबुजली, "गप राह्य ना बाई. डाक्टर चिडतीन. त्यायच्याच हातात हाय माहा पाय."

तिचं खरं होतं. मलाही भीती वाटत होती. चिडून त्यांनी नीट पाहिलंच नाही तर? घेऊन जा म्हणाले तर? पेन हातात होतं. सही करायला क्षणही लागला नसता.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, आम्ही चांभारच आहोत. चौकशी चांभाराचीच आहे. बोट माझ्या मायचं आहे. सांगितल्याशिवाय सही होणार नाही."

ते गोरेमोरे झाले. "अहो, तसं नाही... म्हणायची पद्धत असते."

"माहीत आहे. आठवीत शिकले मी."

सिस्टर खाली बघू लागली. मग डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि सांगू लागले. सडणं वर चढतंय, औषध तिथवर पोचत नाही, थांबलो तर पाऊल जाईल.

तेव्हा मायनं मान उचलली.

"एकच बोट काढता ना जी? अंगठा राहीन ना? चालतानी सारा जोर अंगठ्यावरच येते."

"अंगठा राहील, मावशी. करंगळीच काढायची आहे."

मग मी सही केली.

करंगळी गेली. माझ्या विचारण्यानं ती वाचली नाही. डॉक्टरांनी माफी मागितली नाही. सर अजून गावात आहेत, अजून मराठी शिकवतात, आणि नऊच का, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. आता गावी गेले की पहिल्यांदा त्यांनाच विचारणार आहे, भर वर्गात.

आठवीतलं ते वाक्य मी खोडलेलं नाही. मी चांभारचौकशा करते. दवाखान्यात करते, तहसीलच्या खिडकीवर करते, जिथं गप बस म्हणतात तिथं तर करतेच. आणि उत्तर मिळेपर्यंत बसत नाही.