धाकटीचा खालचा सूर

साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, केसांत काळा म्हणून एक उरला नाही, तरी धाकटी ती धाकटीच राहिली. तिचं खरं नाव तिला स्वतःला तरी चटकन आठवत असेल की नाही, शंकाच आहे. गल्लीत, चर्चमध्ये, गिऱ्हाइकांत सगळे तिला धाकटी म्हणत, कारण तिच्याआधी थोरली होती. सगळं काही थोरलीपासून सुरू व्हायचं, अगदी ओळख करून देणंसुद्धा.

दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीशी कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात आरसा आणि भिंतीला पाठ लावून दोन यंत्रं. मापं घेणं, बेतणं, कात्री चालवणं हे थोरलीचं काम. धाकटीकडे काजं, बटणं, हूक आणि तुरपाई. गिऱ्हाईक आरशासमोर गोल फिरून म्हणायचं, "काय बेतलंय ताईंनी!" तुरपाई कशी केलीय हे कपडा उलटा करून बघायला कुणाला वेळ असतो? बटण तुटलं की मात्र लोकांना धाकटीची आठवण यायची.

थोरलीचं लग्न झालं होतं. नवरा लवकर गेला आणि ती आपलं यंत्र घेऊन माहेरी परत आली. धाकटीचं लग्न ठरता ठरता राहिलं. का राहिलं ते ती सांगत नाही, तेव्हा आपणही विचारू नये. आई-वडील गेल्यावर दोघीच उरल्या. दिवसभर एकमेकींवर खेकसायच्या आणि एकीला साधी शिंक आली तरी दुसरीचा जीव खालीवर व्हायचा.

त्यांचे वडील चर्चमध्ये गाणं शिकवायचे. नाताळच्या सकाळच्या उपासनेत तिथे एक जुनं गीत म्हणतात: "दार उघडा कोणी, वाटसरू आले, थंडीच्या या राती बाळ निजू द्या." पहिलं कडवं दोघांनीच म्हणायचं, तेही ऑर्गनशिवाय, आणि दुसऱ्या कडव्यापासून सगळ्या मंडळीने उभं राहून साथ द्यायची. बहिणी लहान होत्या तेव्हा वडिलांनी त्यांना चर्चमागच्या खोलीत उभं केलं आणि वाटणी करून टाकली. "थोरले, तू चाल गा. धाकटे, तू खालचा सूर धर."

चाल म्हणजे जी सगळ्यांना पाठ असते, घरी जाताना लोक गुणगुणतात ती. खालचा सूर तिच्या जोडीने, पण खालून चालतो. तो असला की गाणं भरल्यासारखं वाटतं. नसला तर काय कमी पडलं ते कुणाला सांगता येत नाही. एवढं त्या वयातही धाकटीला कळलं होतं आणि ती रडली होती. "मला का नाही चाल?"

"खालचा सूर धरायला हट्टी माणूस लागतं," वडील म्हणाले होते. "थोरली दुसऱ्याच्या सुरामागे वाहवत जाईल. तू नाही जाणार."

वडील समजूत घालताहेत असंच तिला वाटलं. मोठी झाली तरी तसंच वाटत राहिलं.

तेव्हापासून दर नाताळला दोघी गव्हाणीच्या देखाव्याशेजारी उभ्या राहायच्या. ऑर्गन थांबायचा. कुणी हात हलवायचं नाही की मान डोलवायची नाही. थोरली श्वास घ्यायची, बारीक 'सूं' असा, धाकटीलाच ऐकू येईल इतका, आणि त्या श्वासावर दोघींचं पहिलं अक्षर एकदम पडायचं. उपासना संपली की दारात लोक थोरलीचे हात हातात घ्यायचे. "ताई, अंगावर काटा आला." मग शेजारी कुणीतरी उभं आहे हे लक्षात यायचं. "तुम्हीही छान हं." धाकटी हसायची आणि ते 'तुम्हीही' घरापर्यंत चघळत जायची. बहिणीवर तिचा जीव होता, त्यात खोट नाही. पण एकदा, फक्त एकदा, ती चाल आपल्या तोंडून बाहेर पडावी आणि लोकांनी मान वर करून बघावं, असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. कुणाला सांगणार? लोक हसले असते.

मग एका वर्षी थोरलीचा आवाज बसला. थंड पाणी पिऊ नको म्हटलं होतं ना, असं धाकटीने चार दिवस ऐकवलं. गुळण्या झाल्या, वाफ झाली, आवाज काही उठेना. मग मोठा दवाखाना, तपासण्या आणि शेवटी ऑपरेशन. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ते काढलं. श्वासासाठी गळ्याला पुढून एक वाट केली. धाकटीने मऊ कापडाचे रुमाल तुरपून दिले, ते थोरली गळ्याभोवती बांधायची.

आवाज गेला, पण हुकूम गेले नाहीत. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान ती टेबलावर टकटक वाजवायची आणि धाकटीने हातातलं काम टाकून यायचं. बोलायची ती नुसत्या ओठांनी. ते वाचता येई फक्त धाकटीला. "एवढी वर्षं तुझी बडबड ऐकली," धाकटी म्हणायची, "आता बघायची पण माझ्याच नशिबी आली." थोरली खांदे हलवून हसायची, तेव्हा रुमालामागून हवा शिट्टीसारखी वाजायची.

दुखणं परत आलं. डॉक्टरांनी धाकटीला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेलं आणि यापुढे फक्त त्रास कमी करता येईल, असं सांगितलं.

"नाताळ?" तिने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"नाताळ होईल बहुधा," डॉक्टर म्हणाले.

ती तोंड धुऊन आत गेली. पण ती ओठ वाचायची, तर थोरली तिचा चेहरा वाचायची. काही सांगायची गरज पडली नाही.

नाताळ जवळ आला तेव्हा पाळकसाहेब घरी आले. थोरलीसाठी प्रार्थना केली, चहा घेतला, कपाची कड बोटाने पुसत बसले. शेवटी म्हणाले, "या वर्षी ते गीत ऑर्गनवरच घ्यावं, असं मास्तर म्हणतात."

टेबलावर टकटक झाली. थोरलीने कात्रीच्या टोकाने धाकटीकडे दाखवलं आणि ओठ हलवले. पाळकांना काही कळेना. "काय म्हणतात?"

आता हे धाकटीलाच सांगावं लागलं. "मी गावं, असं ती म्हणते."

"खालचा सूर?"

"नाही. चाल." तिचे कान गरम झाले. "तिला बाकावर बसून ऐकायचंय, म्हणते. आजवर उभीच होते, म्हणते."

पाळक गेल्यावर धाकटी कप विसळायला आत गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय. नळ तसाच सोडून ती उभी राहिली. बहिणीचा गळा कापला गेला तेव्हा कुठे आपली पाळी आली, आणि आपल्याला आनंद होतोय. असला आनंद माणसाला होऊच कसा शकतो? तिला स्वतःची किळस आली. पण आनंद काही जाईना.

सराव सुरू झाला. चर्चमागच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या पुढे उभी राहून तिने मास्तरांना चाल म्हणून दाखवली. हे ऑर्गनवाले मास्तर इतकं सावकाश वाजवतात की नाताळचं गाणं ईस्टरला संपेल की काय, अशी भीती वाटते. कौतुकाच्या बाबतीत तर पक्के कंजूष. पण तेही म्हणाले, "बाई, हे कुठे लपवून ठेवलं होतंत?" एकही सूर चुकला नव्हता.

घरी मात्र गाडी घसरायची. थोरली समोर बसून "म्हण" म्हणायची, धाकटी तोंड उघडायची आणि चालीऐवजी सरळ खालचा सूर बाहेर पडायचा. टकटक. पुन्हा. पुन्हा तेच. "तू अशी टक लावून बघू नकोस बाई," ती वैतागायची. "तुझ्यासमोर माझी परीक्षा असल्यासारखं होतं." थोरली मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून बसायची. तरी तेच. शेवटी धाकटीने घरी गाणंच बंद केलं आणि मनाची समजूत घातली, की मास्तरांसमोर येतं ना, मग चर्चमध्येही येईल.

नाताळच्या सकाळी तिने थोरलीला जुना निळा पोशाख घातला. दोन्ही बाजूंनी आत घेऊनसुद्धा तो अंगावर लोंबत होता. चर्चमध्ये पहिल्याच बाकावर तिला बसवलं, पाठीला उशी दिली. बाकांना नवं पॉलिश केलं होतं, मेणबत्त्यांचा वास येत होता, मागे लहान मुलं नव्या बुटांनी फळ्या वाजवत होती. देखाव्यातल्या बाळाचा उडालेला रंग कुणीतरी पुन्हा लावला होता आणि गाल जरा जास्तच लाल झाले होते. वाचन झालं, प्रार्थना झाली. धाकटी जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. सवयीने ती थोडी उजवीकडे सरकून उभी होती, डावीकडची जागा सोडून.

ऑर्गन थांबला. सगळे तिच्याकडे बघत होते. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हेच. चालीचा पहिला सूर तिने मनात पक्का धरला आणि बहिणीकडे बघायचं नाही, असं ठरवून समोरच्या खिडकीवर नजर लावली.

त्या शांततेत पहिल्या बाकावरून, रुमालामागून, आवाज आला: 'सूं'.

आणि धाकटी सुरू झाली. खालच्या सुरात.

तिचं तिलाच कळलं. घरी काय होत होतं तेही त्या क्षणी कळलं. ही म्हातारी दर वेळी गाण्याआधीचा तो श्वास घेत होती. मागची मंडळी चुळबुळली. दोन बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तो नुसता खालचा सूर कुणाच्या ओळखीचाच नव्हता, भलतंच गाणं लागल्यासारखं वाटत होतं. मास्तरांनी बिचाऱ्यांनी मदत म्हणून चालीचा एक सूर हळूच दाबला. अजूनही वर जाता आलं असतं. धाकटीने बहिणीकडे पाहिलं.

थोरलीचे डोळे मिटलेले होते, मान ताठ होती आणि ओठ हलत होते. ती चाल म्हणत होती, अक्षर न् अक्षर, आणि जिथे श्वास घ्यायची तिथेच घेत होती. धाकटीला ती ऐकू येत होती. आता हिला एकटीला वर सोडून आपण कुठे जायचं? मास्तरांच्या सुराकडे तिने लक्ष दिलं नाही. सगळं कडवं तिने खालून गायलं, हट्टाने, एकही सूर न सोडता. दुसऱ्या कडव्याला मंडळी उभी राहिली आणि मोठ्याने गायला लागली. सगळ्यांना हायसं वाटलं.

दारात लोक चांगलंच वागले. "नाताळच्या शुभेच्छा," म्हणाले. "ताईंचं दुखणं, दगदग, होतं असं," म्हणाले. अंगावर काटा आला असं कुणी म्हटलं नाही.

घरी आल्यावर धाकटीने बहिणीचे बूट काढले आणि तिथेच जमिनीवर बसली. "वाट लावली मी," ती म्हणाली. "तुला ऐकायचं होतं आणि मी वाट लावली." मग रडू फुटलं, ते आवरेना.

टेबल हाताशी नव्हतं, म्हणून थोरलीने खुर्चीच्या हातावर अंगुस्तान वाजवलं. धाकटीने वर पाहिलं. थोरली सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलली.

"तुझा सूर मी आज पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं मला माझंच ऐकू येत होतं."

धाकटीने डोळे पुसले आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. थोरलीने पुन्हा म्हटलं.

थंडी सरायच्या आत थोरली गेली. कापायचं टेबल धाकटीने तिथेच ठेवलं. आता ती फक्त दुरुस्तीची कामं घेते.

पुढच्या नाताळला मास्तरांच्या नातीने चाल बसवली होती. पोरीचा आवाज खरोखर चांगला, काचेसारखा स्वच्छ. पाळकसाहेबांच्या पत्नी स्वतः बाकापाशी आल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, खाली तूच हवीस." धाकटी गेली, उजवीकडे उभी राहिली. ऑर्गन थांबला.

पोरीने श्वास घेतला असणार. नव्या पोरींना शिकवतात तसा, आवाज न करता. धाकटी त्या 'सूं'साठी कान देऊन उभीच होती. पहिली ओळ पोरीने एकटीनेच गायली.