शेजारच्या भाभींची किसणी

परतवाड्याला आमच्या शेजारच्या भाभी संत्र्याची साल किसताना किसणी स्थिर धरीत आणि संत्रे फिरवीत. संत्र्याला भाव नव्हता, उभ्या बागा तोडल्या जात होत्या, आणि भाभींनी सालीची नानकटाई विकायचे मनावर घेतले होते. अमरावतीच्या दुकानदाराने नमुना मागवला, त्या सकाळी उत्साहाच्या भरात मीही किसणी घेऊन बसलो.

"भाऊ, दाबू नोका! वरचं नारंगी तेवढं घ्या. पांढऱ्याले लागलं का कडू!"

"येतं मला, भाभी!" म्हणत मी भराभर वाटी भरली. त्यांनी चिमूटभर कीस चाखला, क्षणभर डोळे मिटले.

"वा भाऊ, लय हात चालते तुमचा!"

नमुना पसंत पडला, मोठी मागणी आली! माझ्या हातगुणाची बढाई मी गल्लीभर मारली. आठवड्याने त्यांचे यजमान हसत म्हणाले, "भाईजान, तुमच्या वाटीची नानकटाई आमी घरीच खाऊन राहिलो. कडू हाय, पण तुमची भाभी फेकू देत नाही."

मी खाली मान घालून त्यातली एक मागितली.

"संपली ना जी," भाभी म्हणाल्या, आणि भरलेला डबा त्यांनी ओढणीखाली घेतला.