बझर वाजला की पळायचं

सौदीत कामगारांच्या कॅम्पमध्ये माझ्याच खोलीत राहणारा इसहाक परकार मूळचा दाभोळचा. रास अल खैरच्या प्लांटवर तो वीस वर्षं पाइपांच्या वेल्डिंगचा एक्स-रे काढतोय. किरणं कुणाला लागू नयेत म्हणून भोवती दोरी बांधायची, बझर वाजला की सगळ्यांना हाकलायचं आणि आपणही पळायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. मग फिल्म बघून जॉइंटवर खडूने लिहायचं: ओके, रिपेअर, नाहीतर कट.

गेल्या वर्षी त्याच्या मांडीत गाठ निघाली. स्नायूंत होणारा दुर्मिळ कॅन्सर. पाय कापणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, आधी किरणं देऊ, मग फक्त गाठ काढू.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. त्याला टेबलावर झोपवून टेक्निशियन बाई बाहेर माझ्यापाशी, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर आल्या, जाड दार लागलं, बझर वाजला आणि आमचा इसहाक टेबलावरून उडी मारून थेट दाराशी! बाईंनी कपाळाला हात लावला. मी वैतागून माइकवरून ओरडलो, "अरे बाबा, आज जॉइंट तूच आहेस!"

दुसऱ्यांदा तो हलला नाही. मशीन त्याच्याभोवती संथ फिरलं. नंतर बाईंनी त्याला पडद्यावर मांडीतल्या किरणांचा आराखडा दाखवला. किरणांनी गाठीला चारी बाजूंनी वेढलं होतं आणि शेजारचं हाड जवळजवळ सोडून दिलं होतं. इसहाक कितीतरी वेळ बघत राहिला. एवढा नेमका नेम त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग त्याने खिशातून खडू काढला आणि पँटवर, त्याच मांडीवर, ठळक लिहिलं: रिपेअर.