फाटका आवाज
सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की मला धरणगावचे नाना आठवतात. लग्नांत भोंगे लावायचा त्यांचा धंदा. कॉलेजात असताना मी त्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला माझी गिटार जोडायचो, कारण कॅसेटवरच्या परदेशी रॉक गिटारवाल्यांसारखा फाटका, गुरगुरणारा आवाज अख्ख्या गावात फक्त त्यातूनच निघायचा. गॅदरिंगच्या दिवशी सकाळी तो ॲम्प्लिफायर न्यायला गेलो, तर नाना कौतुकाने म्हणाले, “आवाज फाटेल व्हता, तुनाकरता साफ करी दिधा.” मी तार छेडली आणि भजनाच्या पेटीसारखा सोज्वळ सूर निघाला. आता रडायचंच बाकी होतं. शेवटी घरून टेपरेकॉर्डर आणून मी त्यांना कॅसेट ऐकवली. डोळे मिटून त्यांनी ती दोनदा ऐकली, मग दुरुस्तीत काढून टाकलेला खराब कंडेन्सर कचऱ्याच्या डब्यातून शोधला आणि पुन्हा सोल्डर करून बसवला. मी परत तार छेडली, तशी समोर कापसाच्या गाडीला जुंपलेले बैल दचकले. “हां,” नाना खुशीत म्हणाले, “आते बराबर बिघडना.” पुढे मी महागडी यंत्रं पुष्कळ घेतली, पण इतकं मन लावून बिघडवून देणारं पुन्हा कुणी भेटलं नाही.