सर्वांत लहान आधी बोलेल

खेळाचा प्रशिक्षक मुलांना न्याय आणि सार्वजनिक पुढारपण शिकवू शकतो का, आणि शकत असेल तर नेमका कसा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. मी नागरिकशास्त्राची शिक्षिका. हक्क, कर्तव्य, प्रतिनिधी हे शब्द बरीच वर्षे फळ्यावर लिहीत आले. तेव्हा हा प्रश्न माझ्या विषयातलाच होता. त्याचे उत्तर मात्र मला वर्गाबाहेर मिळाले.

कोल्हापुरात फुटबॉल नवा नाही. आमच्या पेठेत तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौदा नव्हे. पेठेचा फुटबॉल संघ, गणपतीचे मंडळ आणि ज्येष्ठांचा कट्टा असे सारे एकाच छताखाली नांदते. नवा होता तो आमच्या शाळेचा मुलींचा संघ. मुली शाळेबाहेर सरावाला जात असतील तर शाळेची एक शिक्षिका सोबत हवी, असा मुख्याध्यापकांचा नियम होता, आणि ते काम माझ्याकडे आले. मी पेठेतल्या मैदानाच्या पायरीवर बसून वह्या तपासत असे. एखादा चेंडू येऊन आदळला की शाईपेन आणि चष्मा आधी सांभाळायचा, हे मी लवकरच शिकले.

प्रशिक्षिका पेठेतलीच, स्वतः राज्यपातळीवर खेळलेली. सकाळी एका दूध संस्थेत नोकरी करायची आणि संध्याकाळी मैदानावर यायची. मुली तिला ताई म्हणत. आमच्याकडच्या अनेक बायकांप्रमाणे तीही "मी जातो, मी येतो" असेच बोलायची. सराव संपला की ती सर्वांना गोल बसवी आणि त्या दिवशी काय चुकले, काय साधले याची चर्चा होई. या चर्चेचा एकच नियम होता: सर्वांत लहान मुलगी आधी बोलेल, मग तिच्याहून मोठी, कर्णधार सर्वांत शेवटी आणि ताई तिच्याही नंतर.

मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, कॅप्टन आधी बोलली की बाकीच्या नुसत्या माना हलवत्यात. मला माना नको, डोकी पायजेत."

मी मनातल्या मनात माझा वर्ग आठवला. प्रश्न विचारला की तेच तीन हात वर येत आणि मी त्यालाच वर्गाचा सहभाग समजत असे. पुढच्या आठवड्यापासून मी शेवटच्या बाकापासून सुरुवात करू लागले. पण तो निराळा विषय.

आमची गोलरक्षक नववीतली होती. उंच, अबोल आणि हातात चेंडू आला की कुणालाही न घाबरणारी. तिची आई एका रुग्णालयात सफाईचे काम करते. एका संध्याकाळी ही मुलगी गोलखांबाला धरून एकाएकी खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी धावत जाऊन पाण्याची बाटली तिच्या तोंडाशी धरली, तर तिने मान फिरवली.

"नको बाई. पाणी प्यालं की जावं लागतं."

मैदानाच्या कोपऱ्यात दोन खोल्यांचे शौचालय होते, पण त्याला कायम कुलूप. मुलांची अडचण भिंतीआड भागे. मुलींची भागत नसे, म्हणून ही मुलगी दुपारनंतर पाणीच पीत नव्हती. हे सरावानंतरच्या चर्चेत सांगायचे असते, हेही तिला वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिची आई कामावरून थेट मैदानावर आली आणि स्पष्ट बोलली, "पोरगी आजारी पडली तर बघणार कोण? इथं सोय होत नसंल तर खेळ ऱ्हाऊ दे. ह्या आठवड्यापुरती पाठवतो, मग न्हाय."

तिचे काही चुकत नव्हते. मुलगी खाली मान घालून हातमोज्याची पट्टी काढत होती आणि लावत होती.

आई गेल्यावर सगळ्या मुली ताईभोवती जमल्या. मैदानाची देखभाल तालमीकडे होती. "ताई, तुम्हीच बोला की अध्यक्षकाकांशी. तुमचं ऐकतील."

"माझं ऐकतील," ताई म्हणाली. "अन् उद्या मी नसलो तर कुलूप परत लागंल. तुमचं काम हाय, तुम्ही बोलायचं. मी संगट येतो."

त्या दिवशीची चर्चा लांबली. काय मागायचे, का मागायचे, नाही म्हणाले तर पुढे काय, हे सारे त्यांनी ठरवले. कुणावर आवाज चढवायचा नाही, हा मुद्दा कर्णधाराने मांडला. समोरचे आपल्या चुलत्यांच्या वयाचे आहेत आणि मैदानावर रोज भेटणार आहेत, हे तिचे कारण. त्याला मी वर्गात पूर्ण गुण दिले असते.

तालमीच्या कट्ट्यावर चार-पाच ज्येष्ठ बसले होते. अध्यक्षांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ताईकडे वळून विचारले, "बोल पोरी, काय काम काढलंस?"

"माझं काय न्हाय काका. काम ह्यांचं हाय."

आमची सर्वांत लहान खेळाडू सहावीतली होती. ती पुढे झाली आणि पाठ केल्यासारखे म्हणाली, "मैदानावरच्या शौचालयाची किल्ली आम्हाला पाहिजे. आमच्या गोलकीपरला चक्कर आली, कारण ती पाणी पीत नाही."

अध्यक्षांनी शेजाऱ्याकडे पाहिले. मग अध्यक्ष म्हणाले, "किल्ली महापालिकेकडं असंल. आमच्याकडं कुठली?"

शेजारचे म्हणाले, "आन् तिथं पाणीच न्हाय."

तिसरे म्हणाले, "ती भिंतच पडाय झालीया. धोका हाय पोरींनो."

तीन माणसांची तीन कारणे एकमेकांशी जुळत नव्हती. मी काही बोलणार, तेवढ्यात सहावीतली मुलगी पुन्हा म्हणाली, "काका, आमच्यात सगळ्यात लहान आधी बोलतं. तुमच्यात सगळ्यात लहान कोण हाय?"

कट्ट्यावर मोठा हशा पिकला. "आमच्यात? ह्यो की!" म्हणून त्यांनी चहाचे पेले घेऊन आलेल्या तरुणाकडे बोट दाखवले. तो तालमीच्या संघाचा आघाडीचा खेळाडू, नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडलेला. "बोल बाबा, तुझी पाळी हाय म्हणं!"

त्याने ट्रे खाली ठेवला. मान खाजवली. "खरं सांगू व्हय काका?"

"मग काय खोटं सांगतोस?"

"आत मंडळाच्या मांडवाचं सामान हाय. किल्ली आपल्याच खिळ्याला हाय, तुमच्या डोक्यावर."

सगळ्यांनी वर पाहिले. किल्ली खरोखरच तिथे लटकत होती. अध्यक्षांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "आरं, बोल म्हटलं की बोलायचंच व्हय लगीच!" आणि ते स्वतःच सर्वांत मोठ्याने हसले.

इथे मुलींना जिंकल्याचा आनंद मिरवता आला असता. पण ठरल्याप्रमाणे कर्णधार शेवटी आणि शांतपणे बोलली. सामान ठेवायला दुसरी जागा शोधू, उचलायला आम्ही येतो, असे तिने सांगितले. अध्यक्षांनी तालमीच्या माळ्यावरची जागा देऊ केली. राहिला प्रश्न स्वच्छतेचा.

"त्याला काय," एक ज्येष्ठ सहज म्हणाले, "ह्या पोरीची आई तेच काम करती न्हवं? तिलाच सांगू या."

त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच मला ते अधिक बोचले. गोलरक्षक तोवर एक शब्दही बोलली नव्हती. ती उठून उभी राहिली.

"आई दवाखान्यात पगारावर काम करती. इथं ती खेळत न्हाय काका, आम्ही खेळतो. तुमच्या हौद्यातली माती कोण उकरतं?"

"सगळीच उकरत्यात," ते म्हणाले. "पैलवान कितीबी मोठा असू दे, माती त्यानंच उकरायची. तालमीची रीतच हाय ती."

"मग इथंबी तीच रीत लावा."

ज्येष्ठांनी पेले उचलून चहा संपवला. रिकामे पेले ट्रेमध्ये परत गेले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बरोबर हाय पोरीचं. जी खेळतील ती धुतील. आमची पोरंबी."

"आमची पोरं संडास धुणार?" मघाचेच ज्येष्ठ पुटपुटले.

"ती तिथं जाणार न्हवं? मग धुतील."

रविवारी सकाळी दोन्ही संघांनी मिळून बांबू, पडदे आणि प्लायवूडची एक अवाढव्य कमान बाहेर काढली. कमान दारातून आत गेली कशी, हे कुणालाच आठवेना. बाहेर काढताना तिचे दोन तुकडे करावे लागले. दुपारी गोलरक्षकाची आई आली. तिने दोन्ही खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, मग आत जाऊन दार लावले आणि लगेच बाहेर आली.

"आतनं कडी लागत न्हाय."

आघाडीचा तो खेळाडू पळत जाऊन सुताराला घेऊन आला. कडी बसल्यावर तिने ती पुन्हा एकदा लावून पाहिली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "जा, खेळ."

एवढ्याने सर्व काही सुधारले, असे मी म्हणणार नाही. धुण्याची पाळी चुकवणारी मुले आहेत, तशा मुलीही आहेत. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येते. त्या वर्षीच्या स्पर्धेत आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. पण आमची गोलरक्षक आता दहावीत आहे आणि अजून खेळते आहे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले: प्रशिक्षक न्यायावर भाषण देत नाही. तो बोलण्याचा क्रम बदलतो आणि खेळाडूंचे काम स्वतः करून टाकण्याचा मोह आवरतो. एवढे रोज केले की मुले उरलेले स्वतः शिकतात. हे मी एका मैदानावर, एकाच संघाबाबत पाहिलेले आहे. त्यावरून सर्वांसाठी नियम सांगण्याचा मला अधिकार नाही. म्हणून वाचकांना एक साधी विनंती. एखाद्या संध्याकाळी आपल्या घराजवळच्या मैदानावर जा, तिथे खेळणाऱ्या सर्वांत लहान मुलीला आधी बोलू द्या आणि माझे म्हणणे खरे आहे की नाही, ते स्वतः तपासून पाहा.